आकाशात आकडे! १२० च्या रोलवर ठिपके आणि पुसट अंक: ओल लागली की धुण्यात गडबड?

चौकोनी_चौकट

नमस्कार मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय.

१२० चा (पाठीला कागद असलेल्या रुंद फिल्मचा) ब्लॅक अँड व्हाइट रोल, स्पीड ४००, कॅमेरा ६×६, म्हणजे चौकोनी बारा फ्रेम. रोलची मुदत संपलेली नाही. धुतला, म्हणजे डेव्हलप केला, मीच. टाकीतून काढून टांगला तेव्हा घनता अगदी हवी तशी वाटली, म्हणून खुशीत होतो. वाळल्यावर लाइट टेबलावर ठेवला आणि आकाश बघून पोटात गोळा आला. जिथे जिथे सपाट करडा रंग आहे तिथे बारीक ठिपक्यांचं पुरळ उठलंय. झाडं, दगड, माणसांचे कपडे अशा गजबजलेल्या भागात काही कळत नाही, पण आकाश, भिंत, पाणी सगळं खराब.

आणखी गंमत म्हणजे आकाशात आकडे दिसतात. चौथ्या फ्रेममध्ये पुसट ‘३’ आहे, शेजारी एक गोलही. नवव्या फ्रेममध्ये ‘१०’. सगळ्या फ्रेममध्ये असे आकडे नीट वाचता येत नाहीत, पण डाग आहेतच. फक्त सातवी फ्रेम जवळजवळ स्वच्छ आली आहे, आणि ते कसं ते मला अजिबात कळत नाहीये.

माझी शंका आधी डेव्हलपरवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनावर होती. पण त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून, पाठोपाठ ३५ मिमीचा एक रोल धुतला तो निर्मळ आहे. तापमान २० अंश, हलवणं नेहमीसारखं, आधी साध्या पाण्यात भिजवलं नव्हतं. हवेचं म्हणाल तर हायग्रोमीटरचा (आर्द्रतामापकाचा) काटा ८० टक्क्यांच्या खाली उतरायला तयार नाही.

ही ओल आहे का? असेल तर कधी लागली? रोल सदोषच आला असेल का? त्याच खोक्यातले आणखी रोल शिल्लक आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

ग्रेन_प्रेमी

ठिपके म्हटलं की मी आधी फिक्सरकडे बघतो, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाकडे. फिक्सर थकला असेल तर निगेटिव्हवर असेच ढगाळ चट्टे राहतात. ३५ मिमीचा रोल आधी धुतला होता की नंतर? आधी धुतला असेल तर फिक्सर त्याच्यावरच खर्च झाला असणार. ताजा फिक्सर करा, एका टोकाचा तुकडा पाच-सात मिनिटं त्यात ठेवा आणि धुऊन बघा. उजेडात करता येतं, काही बिघडत नाही.

आणि १२० ची फिल्म रुंद असते. हलवणं कमी पडलं तरी आकाशात असमानपणा येतो.

आकड्यांचं मात्र मला कोडंच आहे.

लालदिवा

फिक्सरची चाचणी करायला हरकत नाही, पण तिचा निकाल मी आत्ताच सांगते: फरक पडणार नाही. फिक्सिंग अपुरं राहिलं तर फिल्म दुधी दिसते, आणि ती फ्रेमच्या बाहेरच्या कोऱ्या कडेलाही दुधी असते, कारण विरघळायचं राहून गेलेलं सिल्व्हर हॅलाइड (उजेड टिपणारं चांदीचं संयुग) सगळीकडेच असतं. हलवणं कमी पडलं तर डागांना मोठे, वाहते आकार येतात. बारीक पुरळ येत नाही. आणि फिक्सरला आकडे लिहिता येत नाहीत.

मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढत आले आहे. दमट हवेतले रोल हाताखालून पुष्कळ गेले. माझी पद्धत अशी की डाग कशाचा आहे हे आधी विचारायचंच नाही. डाग कधी पडला ते विचारायचं. ओलाव्याला संधी चारच: रोल कॅमेऱ्यात जाण्याआधी, फोटो काढल्यापासून धुवेपर्यंत, टांगून वाळताना, आणि मग फायलीत पडून असताना. ‘कधी’ सापडलं की ‘कशाने’ बहुतेक वेळा आपोआप सापडतं.

म्हणून पहिली गोष्ट, निगेटिव्ह लाइट टेबलावरून उचला. एक दिवा बाजूला ठेवा आणि त्याचा उजेड पृष्ठभागावर घसरत जाईल अशी निगेटिव्ह तिरकी धरा. चकचकीत बाजू म्हणजे बेस, प्लास्टिकची पट्टी. मंद बाजू म्हणजे इमल्शन, चित्र धरणारा जिलेटिनचा थर. दोन्ही बाजू भिंगाखाली बघा. चकचकीत बाजूला कडा असलेले गोल दिसले तर ते वाळताना राहिलेल्या पाण्याचे. ओलसर मऊ कापडाने निघतात. मंद बाजूला खड्डे, तंतू किंवा खरखरीत कडा दिसली तर कोणीतरी जिलेटिन खाल्लंय, म्हणजे धुतल्यानंतरचं प्रकरण. आणि तिरक्या उजेडात पृष्ठभाग अगदी सपाट, पण आरपार उजेडात डाग स्पष्ट दिसतात, असं असेल तर डाग चित्र घडवणाऱ्या चांदीतच आहे. म्हणजे तो डेव्हलपर ओतण्याआधीच ठरून गेला होता. तुमचं हे तिसरं असणार अशी माझी पैज.

दुसरी गोष्ट, फ्रेमच्या बाहेरची कोरी कड. तिथेही पुरळ आहे का? असेल तर ओलाव्याने फिल्मवर धुकं आणलंय, म्हणजे उजेड न लागताच तिथे चांदी तयार झाली. कड स्वच्छ आणि पुरळ फक्त उजेड पडलेल्या भागात असेल तर फिल्मची ताकद जागोजागी कमी झाली किंवा उमटलेली सुप्त प्रतिमा (उजेडाने पडलेली, पण धुवेपर्यंत न दिसणारी) जागोजागी विरली. दोन्ही एकत्रही दिसतात, पण हे बघून ठेवा.

आता आकडे. तुमच्या प्रश्नात खरी मेख तिथेच आहे.

१२० चा रोल गुंडाळलेला असतो तेव्हा कागदाची छापील बाजू बाहेर असते आणि फिल्म कागदाच्या आतल्या, काळ्या बाजूला. फिल्मचं इमल्शन स्पूलच्या, म्हणजे रिळाच्या, दांड्याकडे तोंड करून असतं. म्हणजे ते टेकतं कुठे? स्वतःच्या कागदाला नाही. त्याच्या आतल्या फेऱ्यातल्या कागदाच्या छापील बाजूला. हवा कोरडी असते तोवर दोघांचं एकमेकांशी काही घेणं-देणं नसतं. कागद सादळला की शाई आणि इमल्शन यांच्यात रासायनिक देवाणघेवाण सुरू होते. शाई जिथे आहे तिथे एक परिणाम, नाही तिथे दुसरा, म्हणून आकडा उमटतो. आणि कागदाचा खडबडीतपणा उमटतो तेच तुमचं पुरळ. ३५ मिमीला पाठीमागे कागदच नसतो, तेव्हा तो रोल स्वच्छ आला यात नवल नाही.

आता कोऱ्या रोलमध्ये आतला फेरा म्हणजे पुढच्या फ्रेमचा. फोटो काढून झालेल्या रोलमध्ये गुंडाळी उलटी झालेली असते, आतला फेरा मागच्या फ्रेमचा. एका फेऱ्याचा घेर साधारण एका ६×६ फ्रेमच्या जवळपास जातो. त्यामुळे:

फ्रेमवर एक जास्त आकडा आला, तर ओल लागली तेव्हा ती फ्रेम अजून पहिल्या स्पूलवर होती.
एक कमी आकडा आला, तर ती फ्रेम काढून पुढच्या स्पूलवर गेलेली होती.

तुमच्या चौथीवर ‘३’ आहे. नववीवर ‘१०’ आहे. एकाच रोलवर दोन्ही! आणि मधली सातवी स्वच्छ.

सातवी स्वच्छ का, तर तिच्या इमल्शनला कागद टेकलाच नव्हता. ती दोन स्पूलांच्या मधे, लेन्सच्या मागे, ताणून उभी होती. इमल्शनसमोर कॅमेऱ्याची पोकळ जागा.

तेव्हा माझा सरळ प्रश्न: हा रोल सातव्या फ्रेमवर असताना कॅमेरा बरेच दिवस तसाच पडून होता ना?

एक सावधगिरी. कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, ६×४.५, ६×६ आणि ६×९ साठी. ६×६ ची ओळ मधली. कडेला दिसणारे आकडे दुसऱ्या मापाचे असतील, त्यांच्यावरून गणित मांडू नका. शिवाय सगळेच कॅमेरे फ्रेम आणि कागदावरचा आकडा बरोब्बर जुळवत नाहीत. या रोलचा कागद अजून असेल तर खात्रीच करता येईल. फिल्मचं फक्त सुरुवातीचं टोक कागदाला चिकटपट्टीने लावलेलं असतं. त्या खुणेला टोक जुळवून फिल्म कागदाशेजारी अंथरा आणि बघा.

चौकोनी_चौकट

ताई, तुम्ही माझ्या बॅगेत डोकावलात की काय?

रोल अर्धा झाल्यावर पावसाची झड लागली आणि कॅमेरा कापडी बॅगेत काही आठवडे राहिला. उरलेल्या फ्रेम नंतर एका दमात काढल्या आणि दुसऱ्या दिवशी रोल धुतला. हे मी प्रश्नात लिहिलंच नव्हतं, कारण त्याचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

कागद टाकला नव्हता. अंथरून बघितलं. चौथ्या फ्रेमसमोर कागदावर ४ आहे आणि फिल्मवर ३ उमटलाय. भिंग घेऊन बसल्यावर पाचवीतही एक अर्धवट ४ सापडला. अकरावीच्या कोपऱ्यात १२ मधला २ आहे. सहावीपर्यंत एक कमी, आठवीपासून एक जास्त. अपवाद नाही.

तिरक्या उजेडात पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी काचेसारखा सपाट. कोरी कड बऱ्यापैकी स्वच्छ, पण आठवीच्या पुढे तिथेही किंचित कण दिसतात. म्हणजे डाग चांदीतच.

ग्रेन_प्रेमी, तुमची चाचणीही केली. नव्या फिक्सरमध्ये शेवटचा तुकडा ठेवला. काडीचा फरक नाही.

मग दोन प्रश्न. फोटो आठवीनंतरचे कोरड्या दिवशी काढले, तरी तेच जास्त खराब का? आणि फिल्मवर कडेला छापलेली अक्षरं मला थोडी फिकी वाटतात, तो माझा भास आहे का?

लालदिवा

भास नसावा. कडेची अक्षरं म्हणजे कारखान्यातच उजेडाने काढलेला फोटो. तीही धुवेपर्यंत सुप्त प्रतिमाच असते, आणि सुप्त प्रतिमा उष्णता आणि दमटपणात विरत जाते. म्हणून ती अक्षरं मी नेहमी साक्षीदार म्हणून वापरते. अक्षरं काळीकुट्ट पण चित्र पातळ, तर उजेड कमी दिला. अक्षरं आणि चित्र दोन्ही पातळ, तर एक तर डेव्हलपमेंट कमी पडलं किंवा प्रतिमा विरली. तुमचा ३५ मिमीचा रोल त्याच डेव्हलपरमधून नीट आलाय, तेव्हा तुमच्याकडे दुसरी शक्यता जास्त. काही फिल्म याबाबत फारच नाजूक असतात. इलफर्डच्या पॅन एफ प्लसबद्दल खुद्द कंपनीच सांगते की फोटो काढल्यावर लवकरात लवकर, फार तर ३ महिन्यांत धुवा.

आठवीनंतरच्या फ्रेमचं असं: फोटो कोरड्या दिवशी काढलेत, पण नुकसान त्याआधी झालेलं होतं. ती फिल्म कोरी असतानाच सादळली. उजेड नंतर पडला तो डागाळलेल्या इमल्शनवर. पहिल्या सहांवर चित्र आधी उमटलं आणि मग ओल लागली. कशावर जास्त परिणाम होतो हे फिल्मगणिक वेगळं असतं, त्यावरून नियम करू नका. पण कोऱ्या कडेवर कण फक्त आठवीच्या पुढे दिसतात, यावरून पहिल्या स्पूलकडची बाजू जास्त ओलावली असं मी म्हणेन. कॅमेरा बॅगेत कोणत्या कुशीवर होता हेही बघण्यासारखं आहे.

आणि रोल सदोष आला का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. पाकिटातच ओल लागली असती तर पहिलीपासून अकरावीपर्यंत सगळीकडे ‘एक जास्त’ असता आणि सातवी काही सुटली नसती.

कपाटातले_डबे

मधेच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे जुन्या ३५ मिमी निगेटिव्हचे डबे आहेत. बऱ्याच पट्ट्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलंय, फांद्या फुटल्यासारखं. तिरक्या उजेडात मंद बाजूला उठून दिसतं. काही पट्ट्या प्लास्टिकच्या पिशव्यांना चिकटल्यासारख्या आहेत. कोमट पाण्यात वेटिंग एजंट (फिल्मवर पाण्याचे थेंब राहू न देणारं द्रव्य) घालून धुऊन काढायचा विचार आहे. आज रात्रीच बसणार होतो.

लालदिवा

थांबा!! पाण्यात घालू नका.

ती बुरशी आहे. बुरशी जिलेटिनवर जगते आणि जिथे ती पसरते तिथलं जिलेटिन पाण्यात विरघळणारं होऊन बसतं. निगेटिव्ह पाण्यात गेली की बुरशीबरोबर चित्रही वाहून जाईल, आणि ते तुमच्या डोळ्यांदेखत होईल. आधी जसं आहे तसं स्कॅन करून घ्या. मग ९८ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा फिल्म क्लीनर, मऊ कापूस, आणि एकाच दिशेने हलका हात. आधी एका बिनमहत्त्वाच्या पट्टीवर करून बघा. वरची बुरशी निघेल. तिने खाल्लेले खड्डे राहतील, ते भरून येत नाहीत. बुरशीच्या पट्ट्या चांगल्या पट्ट्यांपासून वेगळ्या ठेवा आणि जुन्या पिशव्या फेकून द्या.

चिकटलेल्या पट्ट्यांना ओढू नका. जिथे जिलेटिन प्लास्टिकला दाबून बसलं तिथे ते चकचकीत होतं. तो चकाकणारा चट्टा बुरशी नव्हे, हे ध्यानात ठेवा. आधी कोरड्या जागी काही दिवस राहू द्या. बऱ्याचदा पिशवी आपोआप सुटते. नाहीच सुटली आणि चित्र मोलाचं असलं तर संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे द्या.

कडांना निळसर, धातूसारखी झाक दिसली तर ती तिसरीच गोष्ट. चांदी पृष्ठभागावर येऊन बसते. त्याला ओल लागतेच, पण सोबत हलक्या पुठ्ठ्याची खोकी, ताजा रंग, रबर यांतून सुटणारे वायूही हातभार लावतात. आणि डबा उघडल्या उघडल्या व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर इमल्शनचं सोडा, बेसच विघटित होतोय. ॲसिटेटच्या बेसचा हा रोग आहे, पॉलिएस्टरला होत नाही. इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या ए-डी पट्ट्या मिळतात. डब्यात ठेवल्या की आम्ल जितकं जास्त तितक्या निळ्यावरून हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. वासाचे डबे आजच बाकीच्यांपासून लांब हलवा. तिथून निघणारं आम्ल शेजारच्यांनाही सोडत नाही.

कपाटातले_डबे

बादली भरून ठेवली होती हो! ओतून दिली. एका डब्याला वास आहे, बाकीच्यांना नाही. तो गॅलरीत नेऊन ठेवतो.

लालदिवा

गॅलरीत नको, तिथे ऊन आणि ओल दोन्ही. थंड, कोरड्या, हवा खेळती असेल अशा खोलीत, फक्त वेगळ्या कपाटात. धुतलेल्या निगेटिव्हना ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. ६० च्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आमंत्रण.

ग्रेन_प्रेमी

आकड्यांचं गणित वाचून मी माझ्या जुन्या फायली काढून बसलोय, दोन रोलचा उलगडा झाला. फिक्सरचा मुद्दा मागे घेतो.

दोन गोष्टींची भर घालतो. एक, स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई या डागांवर चालवू नका. चांदीची प्रतिमा इन्फ्रारेडलाही अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं. आणि स्कॅनमध्ये दिसणारा प्रत्येक डाग फिल्मवरचा नसतो. निगेटिव्ह उलटी फिरवून पुन्हा स्कॅन करा. डाग चित्राबरोबर फिरला तर फिल्मचा, जागेवरच राहिला तर काचेचा. इंद्रधनुषी वलयं दिसली तर फिल्म काचेला टेकल्याची, ओलाव्याची नव्हेत.

दोन, दव. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे वातानुकूलित खोलीतली २३-२४ अंशांची वस्तू बाहेर नेली तरी तिच्यावर पाणी धरतं. त्यासाठी फ्रिज लागतच नाही. लेन्सवरचं धुकं आपण बघतो आणि पुसतो, आत फिल्मच्या कागदावर काय झालं ते दिसत नाही.

चौकोनी_चौकट

हे शेवटचं माझ्या बाबतीतही झालं असणार. कॅमेरा बॅगेसकट रोज थंड खोलीतून बाहेर आणि परत असा फिरत होता.

आता हे फोटो वाचतील का, आणि उरलेल्या रोलचं काय करू? ते फ्रिजमध्ये आहेत, फॉइल फोडलेलं नाही. एकाचं मात्र फोडून परत ठेवलंय.

लालदिवा

डाग चांदीत असल्यामुळे धुऊन, पुसून काही होणार नाही. ज्या फ्रेममध्ये आकाश कमी आणि पोत जास्त आहे त्या निवडा. पुरळ गजबजाटात लपतं. कमी काँट्रास्टवर प्रिंट काढलीत तर आणखी दबेल. स्कॅनमध्ये आकडे हाताने पुसता येतात, वेळखाऊ आहे पण होतं. पुरळ मात्र सॉफ्टवेअरने घालवायला गेलात तर आकाश प्लास्टिकचं दिसायला लागेल. मी असते तर चौथी तशीच, ‘३’ सकट प्रिंट केली असती, पण ती माझी आवड.

फॉइल शाबूत असलेल्या रोलची काळजी करू नका. पाकीट कारखान्यात कोरड्या हवेत बंद केलेलं असतं आणि फ्रिजची ओल आत जात नाही. बाहेर काढल्यावर निदान तासभर पाकीट फोडू नका, फ्रीझरमधला असेल तर आणखी जास्त. घाईने फोडलंत तर थंड कागदावर लगेच घाम धरतो. फोडलेला रोल तसाच फ्रिजमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट. तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. जेल नारिंगीचं हिरवं झालं की त्याचं काम संपलं, ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं.

तरी शंका राहिली तर एक बंद रोल बळी द्या. साध्या राखाडी पृष्ठभागावर फोकस पूर्ण घालवून बाराही फ्रेम एकाच बैठकीत काढा आणि त्याच दिवशी धुवा. फोडलेल्या रोलचंही तसंच करा. सपाट करड्यावर काहीही लपत नाही. बंद रोल स्वच्छ आणि फोडलेल्यावर आकडे आले तर ते एक जास्त आहेत का ते बघून इथे लिहा. आणि दोन्हींचे कागद टाकू नका.